लिव्हर-ॲक्शन रायफल: शिकार आणि नेमबाजीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिव्हर-ॲक्शनबद्दल लोक विचारतात ते बहुतेक ताकदीचे प्रश्न असतात. गोळी किती लांब जाईल, किती मोठे जनावर पडेल, कोणते कॅलिबर भारी. उत्तरे शोधू लागलो की बहुतेक वेळा दोन जागांपाशी येतो: नळीखालचे काडतुसे ठेवायचे लांब मॅगझिन आणि बाहेर दिसणारा उघडा घोडा, म्हणजे चाप दाबला की आपटून बार काढणारा हातोडा. या रायफलीचे बरेचसे गुण या दोन गोष्टींतून आले आहेत आणि बहुतेक बंधनेही. म्हणून खाली काही उत्तरे लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

लिव्हर-ॲक्शन रायफल चालते कशी?

चापाभोवतीची जी कडी हाताच्या तीन बोटांत धरतो तीच लिव्हर. ती खाली आणि पुढे ढकलली की बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा, मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि मागे येणारा बोल्ट घोड्याला ताणून ठेवतो. त्याच वेळी मॅगझिनमधले पुढचे काडतूस कॅरिअरवर येते आणि ही पट्टी त्याला वर उचलते. लिव्हर परत ओढली की बोल्ट ते काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खणात, ढकलतो आणि मागून कुलूप बसते. खांद्यावरून रायफल न हलवता, गाल दस्त्यावर टेकलेला ठेवून हे सगळे करता येते. पुढचा बार लवकर काढता येतो तो यामुळेच.

इतकी जुनी रचना अजून का वापरतात?

बेंजामिन टायलर हेन्रीला त्याच्या रायफलीचे पेटंट १८६० मध्ये मिळाले. ती .४४ रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या) काडतुसाची होती आणि मॅगझिनमध्ये १६ काडतुसे मावत. त्याच सुमाराची स्पेन्सर सात काडतुसांची होती; तिची लिव्हर काडतूस भरायची, पण घोडा मात्र प्रत्येक वेळी अंगठ्याने वेगळा ताणावा लागे. हेन्रीचा मोठा दोष म्हणजे मॅगझिन पुढच्या टोकाकडून भरावे लागे आणि त्याला लांबलचक फट होती, तिच्यातून माती आणि कचरा आत जाई. १८६६ च्या विंचेस्टरमध्ये उजव्या बाजूला भरण्याची झडप आली, मॅगझिन बंदिस्त झाले आणि या रायफलीला आजचे रूप मिळाले. १८७७ मध्ये प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्कांनी रशियन फौजेवर याच विंचेस्टर वापरल्या आणि जवळ आलेल्या रांगांवर झटपट बार काढण्याचा परिणाम साऱ्या युरोपने पाहिला.

पुढे जॉन ब्राउनिंगने १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५ ची मॉडेल्स रचली. त्यांतले १८९४ सत्तर लाखांहून अधिक बनले. इतक्या संख्येने एखादी शिकारी रायफल खपते तेव्हा तिच्यात घडणीइतकेच सोयीचे काही असते: ती पातळ आहे, हलकी आहे, बाजूला बोल्टची मूठ निघालेली नाही, घोड्यावरून किंवा दाट रानातून नेताना कशात अडकत नाही.

दुसरे कारण कायद्यातले आहे. ब्रिटनमध्ये १९८८ मध्ये सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी आघात होऊन पेटणाऱ्या काडतुसाच्या) स्वयंभरण रायफलींवर बंदी आली आणि ऑस्ट्रेलियात १९९६ नंतर अर्धस्वयंचलित रायफली सामान्य परवान्याबाहेर गेल्या. हाताने चालवायच्या रायफली दोन्ही देशांत राहिल्या. ब्रिटनमध्ये १९९७ च्या पिस्तूलबंदीनंतर पिस्तुलाच्या काडतुसाच्या लिव्हर रायफलीने गॅलरी रायफल हा नेमबाजीचा प्रकार चांगलाच फोफावला.

पहिली रायफल कोणत्या कॅलिबरची घ्यावी?

माझे मत ठाम आहे: पहिली .२२ रिमफायर. धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, काडतूस स्वस्त आणि लिव्हर पूर्ण चालवण्याची सवय इथेच लागते. मार्लिन ३९ए, ब्राउनिंग बीएल-२२, विंचेस्टर ९४२२ आणि आजच्या हेन्रीच्या .२२ या सगळ्या त्या कामाच्या आहेत. बीएल-२२ ची लिव्हर फार थोडी फिरते, त्यामुळे ती लहान हातांना जमते, पण तिच्यावरून पूर्ण लांबीच्या लिव्हरवर जाताना हात पुन्हा शिकवावा लागतो.

दुसरी रायफल फक्त निशाणासाठी असेल तर .३५७ मॅग्नम. तिच्यात .३८ स्पेशलही चालते, त्यामुळे सराव हलक्या काडतुसांवर होतो. लांब नळीचा तिला चांगला फायदा मिळतो: रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला सुमारे ३८० मीटरने निघणारी १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी कार्बाइनमधून, म्हणजे आखूड रायफलीतून, साधारण ५५० मीटरने निघते. काही रायफली मात्र .३८ स्पेशलचे आखूड काडतूस नीट उचलत नाहीत. दुकानात हमी मिळते म्हणून विश्वास न ठेवता चालवून बघावे.

हरणासाठी .३०-३०. बाकीचे सगळे तिच्यापासून पुढे किंवा मागे मोजावे, इतकी ती या रायफलीची मूळ मोजपट्टी आहे.

नळीच्या मॅगझिनमध्ये टोकदार गोळी का चालत नाही?

हा या सगळ्यांतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण त्याचे चुकीचे उत्तर हात आणि डोळे घालवू शकते.

नळीच्या आकाराच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक रांगेत असतात. पुढच्या काडतुसाच्या बुडावर मध्यभागी प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, असतो आणि त्यावर मागच्या गोळीचे टोक टेकते. बार निघाला की रायफल मागे उसळते, काडतुसांची रांग पुढेमागे आपटते आणि मॅगझिनची स्प्रिंग त्या रांगेवर सतत दाब ठेवते. टोक धारदार आणि कडक असेल तर ते फायरिंग पिनचे, म्हणजे प्रायमर ठोकून बार काढणाऱ्या सुईचे, काम करू शकते. एक काडतूस मॅगझिनमध्ये फुटले की शेजारचेही फुटण्याची भीती असते आणि ते सगळे तुमच्या डाव्या तळहाताखाली घडते.

म्हणून या रायफलीसाठी चपट्या किंवा रुंद गोल टोकाच्या गोळ्या बनवल्या जातात. चपटे टोक प्रायमरवर सपाट बसते आणि दाब पसरवते. काडतुसाच्या डब्यावर फक्त '.३०-३०' वाचून घेऊ नका, गोळीचे टोक पाहा. पुंगळीत दारू आणि गोळी बसवून स्वतः काडतुसे बनवणाऱ्यांनी तर जास्तच जपावे, कारण .३० कॅलिबरची टोकदार गोळी .३०-३० च्या पुंगळीत बसते, नजरेला देखणीही दिसते.

हॉर्नडीने २००० च्या दशकाच्या मध्यात मऊ, लवचीक पॉलिमर टोकाच्या गोळ्या आणल्या. टोक दाबले जाते, प्रायमरला टोचत नाही, आणि गोळी हवेत कमी अडखळते. या ठीक आहेत. पण कडक पॉलिमर टोकाच्या इतर गोळ्या म्हणजे त्याच नव्हेत. 'लिव्हर रायफलीच्या नळी मॅगझिनसाठी' असे कारखान्याने स्पष्ट लिहिलेले हवे.

ज्यांना टोकदार गोळीच हवी त्यांच्यासाठी दुसऱ्या रचना आहेत. विंचेस्टर १८९५ मध्ये खाली पेटी मॅगझिन आहे. रशियाने पहिल्या महायुद्धात स्वतःच्या ७.६२×५४ काडतुसासाठी ती सुमारे तीन लाख घेतली. सॅव्हेज ९९ मध्ये फिरते चक्राकार मॅगझिन होते, म्हणूनच .२५०-३००० आणि .३०० सॅव्हेजसारखी वेगवान काडतुसे तिच्यासाठी निघू शकली. ब्राउनिंग बीएलआरमध्ये सुटे होणारे पेटी मॅगझिन आहे.

विंचेस्टर की मार्लिन की हेन्री?

विंचेस्टर ९४ पातळ आणि हातात जिवंत वाटते; नळीच्या वजनाचा तोल सुंदर. जुनीत पुंगळी सरळ वर उडते, त्यामुळे रायफलीच्या माथ्यावर दुर्बीण बसत नाही. १९८० च्या दशकात पुंगळी तिरकी फेकणारी आवृत्ती आली. १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी काही भाग घडवण्याची पद्धत बदलली, म्हणून त्याआधीच्या ९४ ला संग्राहक जास्त भाव देतात. मला विचाराल तर वापरायलाही त्या जास्त समाधान देतात. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला. आज विंचेस्टर नावाच्या लिव्हर रायफली जपानमध्ये मिरोकू बनवते.

मार्लिन ३३६ हे १९४८ चे मॉडेल. माथा बंद, पुंगळी उजव्या बाजूला, दुर्बीण लावायला सोपी, आणि एका स्क्रूवर लिव्हर व बोल्ट निघतात. मार्लिन आधी रेमिंग्टनकडे गेली, मग २०२० मध्ये दिवाळखोरीच्या लिलावात रुगरने घेतली. वापरलेली घेताना ती कोणत्या काळातली आहे हे पाहावे, कारण मालकी बदलली त्या वर्षांत घडणीचा दर्जा एकसारखा राहिला नाही.

आजच्या हेन्री कंपनीचा टायलर हेन्रीच्या कारखान्याशी वारसा नाही. नाव त्याच्यावरून घेतले आहे. त्यांच्या रायफलींची लिव्हर कारखान्यातूनच गुळगुळीत येते. बऱ्याच मॉडेल्समध्ये मॅगझिन पुढून भरावे लागते, काही नव्यांत बाजूची झडपही आहे. पुढून भरताना हात नळीच्या तोंडाजवळ जातो, म्हणून मी शिकारीसाठी झडपवाली निवडेन.

ब्राझीलची रॉसी ९२ आणि इटलीच्या उबेर्तीच्या जुन्या ढंगाच्या प्रतिकृती नेमबाजीत भरपूर दिसतात.

घोडा ताणलेला आहे, पण बार काढायचा नाही. आता काय?

सर्वांत जास्त अपघाताची भीती याच क्षणी असते. चेंबरमध्ये काडतूस, घोडा ताणलेला, आणि सावज रानात गेले.

पहिला मार्ग म्हणजे चेंबर रिकामे करणे. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, लिव्हर उघडून काडतूस बाहेर काढा. ते खाली पडले तर पडू द्या. एक काडतूस धुळीत पडण्याची किंमत काहीच नाही.

घोडा हाताने उतरवायचाच असेल तर आधी घरी, रिकाम्या रायफलीवर शिका. नळी सुरक्षित दिशेला, अंगठा घोड्यावर पूर्ण आणि कोरडा, चाप फक्त घोडा सुटेपर्यंत दाबा आणि घोडा हलताच चाप लगेच सोडा. मग घोडा सावकाश खाली येऊ द्या, म्हणजे तो अर्ध्या खाचेत, म्हणजे घोडा अर्ध्यावर रोखणाऱ्या खाचेत, अडकतो. जुन्या रायफलींमध्ये घोडा पूर्ण खाली असला तर त्याचा भार फायरिंग पिनवर पडतो आणि पिन प्रायमरला टेकू शकते. त्या अवस्थेत घोड्यावर काही आपटले की बार. अर्धी खाच त्यासाठीच आहे.

हात गार पडले असतील, हातमोजे घातलेले असतील किंवा पावसाने अंगठा ओला असेल तर घोडा उतरवू नका. दुर्बीण लावली की तिचा मागचा भाग घोड्यावर येतो आणि अंगठ्याला जागा राहत नाही. बाजूला काढलेली घोड्याची कळ बसवून घ्या.

नव्या काही रायफलींत अर्धी खाच नसते, ट्रान्सफर बार असतो, म्हणजे चाप दाबलेला असेल तरच घोड्याचा आघात पिनपर्यंत नेणारी पट्टी. काहींमध्ये आडवे बटण असते, काहींत दस्त्याच्या मुळाशी सरकपट्टी. विंचेस्टर ९४ मध्ये लिव्हर पूर्ण दाबलेली नसेल तर चाप सुटत नाही. नवशिक्यांना रायफल बिघडली असे वाटते ते यामुळे. तुमच्या रायफलीचे पुस्तक वाचा. एकाची पद्धत दुसऱ्याला लागू करू नका.

रानात चालताना माझा नियम एकच: मॅगझिन भरलेले, चेंबर रिकामे. लिव्हर एकदा चालवायला पाऊण सेकंदही लागत नाही. तेवढ्यात पळालेले जनावर तसेही घाईच्या बारावर सोडून दिलेले बरे.

भरायचे आणि रिकामे करायचे कसे?

झडपेतून काडतूस टोकाकडून आत सरकवा, पण पूर्ण आत ढकलू नका. बूड थोडे बाहेर राहू द्या आणि पुढच्या काडतुसाच्या टोकाने आधीचे आत रेटा. अंगठा झडपेत चिमटत नाही. शेवटचे तेवढे पूर्ण आत दाबावे लागते.

रिकामे करताना बहुतेक विंचेस्टर-मार्लिनमध्ये प्रत्येक काडतूस लिव्हर चालवून बाहेर काढावे लागते. तेव्हा ते चेंबरमध्ये जात असते, म्हणून बोट चापापासून लांब आणि नळी सुरक्षित दिशेला. शेवटचे बाहेर पडले असे वाटल्यावर आणखी दोन वेळा लिव्हर चालवा, चेंबरमध्ये बघा, करंगळी घालून बघा आणि कॅरिअरवरही नजर टाका. मॅगझिनची स्प्रिंग घाणीने अडकली असेल तर काडतूस मागे राहते आणि नंतर घरी पोहोचल्यावर सुटून पुढे येते. मॅगझिनचा ढकल्या कॅरिअरजवळ दिसला तरच मॅगझिन रिकामे समजावे.

काडतूस अडकते. रायफल खराब आहे का?

दहापैकी आठ-नऊ वेळा हाताची चूक असते असे मला दिसते. घाबरत, अर्धीच लिव्हर चालवली जाते. बोल्ट पूर्ण मागे न गेल्याने पुंगळी नीट सुटत नाही किंवा कॅरिअर अर्ध्यातच राहते. लिव्हर पुढे शेवटपर्यंत ठामपणे ढकला, तशीच मागे ओढा. हळू चालवले म्हणजे रायफलीची काळजी घेतली असे होत नाही.

तरीही अडकत असेल तर काडतुसाची एकूण लांबी बघा. कॅरिअर ठरावीक लांबीचेच काडतूस उचलते. मार्लिनच्या जुन्या १८९४ मध्ये लिव्हरच्या टोकाने कॅरिअरची बाजू हळूहळू कोरली जाते आणि मग दोन काडतुसे एकदम आत येऊ पाहतात. ती दुरुस्ती बंदूक कारागिराची.

.३०-३० कितीपर्यंत भरवशाची?

१५० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७३० मीटरने निघते, १७० ग्रेनची सुमारे ६७० ने. १०० मीटरवर नेम बरोबर बसवला तर २०० मीटरवर गोळी सुमारे २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून जास्त खाली पडते, आणि तिची ऊर्जा निम्म्याजवळ येते. १०० मीटरवर पाच-सहा सेंटीमीटर वर ठेवली तर १५० मीटरच्या आसपास ती नेमावर येते आणि तिथपर्यंत हरणाच्या छातीवर सरळ नेम धरता येतो.

म्हणून माझी सीमा १५० मीटर. लवचीक टोकाच्या गोळ्यांनी ती थोडी पुढे जाते. पण खरी मर्यादा वेगळी मोजावी: बसून किंवा झाडाला टेकून, विश्रांती न घेता काढलेले पाच बार तुमच्या हातून ताटलीएवढ्या गोलात किती अंतरापर्यंत पडतात? तेच तुमचे अंतर. काडतुसाच्या डब्यावरचा तक्ता तुमचा हात धरत नाही. जनावर जखमी होऊन रात्रभर रानात पडावे यासारखे वाईट शिकारीत दुसरे काही नाही.

जड, हळू गोळी झुडपातून सरळ जाते हे खरे का?

नाही. जड असो वा हलकी, फांदीला लागलेली गोळी वळते. मोकळी जागा मिळेपर्यंत थांबा.

दुर्बीण लावावी की लोखंडी साइट पुरे?

ही रायफल लोखंडी साइटसाठी, म्हणजे भिंगाशिवाय मागची खाच आणि पुढची माशी जुळवून नेम धरण्यासाठी, घडली आहे. पण मागची शिंगाच्या आकाराची उघडी खाच मला कमी आवडते. ती लक्ष्याचा खालचा भाग झाकते आणि वय वाढले की धूसर होते. तिच्याऐवजी रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या धातूच्या पेटीवर, बसणारी छिद्राची पीप साइट लावा. छिद्रातून डोळा आपोआप मध्य शोधतो, तुम्ही फक्त नळीच्या टोकावरची माशी लक्ष्यावर ठेवायची. उजेड कमी असताना मोठे छिद्र वापरा. रायफलीचे वजन आणि पकड जशीच्या तशी राहते, घोडाही मोकळा राहतो.

संध्याकाळच्या अंधुक उजेडात शिकार असेल किंवा डोळे थकले असतील तर मार्लिन किंवा हेन्रीवर दीड ते पाच पटीची छोटी दुर्बीण बसवा. मोठ्या भिंगाची उंच दुर्बीण नको, गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि पातळपणाचा सगळा फायदा जातो.

बोल्ट रायफलीइतकी अचूक असते का?

साधारणपणे नाही. दस्ता दोन तुकड्यांचा, मॅगझिन आणि पुढचे लाकूड नळीला पट्ट्यांनी बांधलेले. नळी तापली की हे सगळे तिला वेगवेगळ्या दिशेला ओढतात. १०० मीटरवर पाच ते आठ सेंटीमीटरचा गट ही चांगली रायफल समजावी. पहिले तीन बार आणि नंतरचे सात यांत फरक पडत असेल तर नळी निववून पुन्हा बघा. शिकारीत पहिला बार थंड नळीतूनच निघतो, त्यामुळे तो कुठे पडतो हे वेगळे नोंदवून ठेवा.

टेबलावरून नेम बसवताना पुढचे लाकूड पिशवीवर टेकवा, नळी किंवा मॅगझिन नको.

निशाणाच्या स्पर्धांत या रायफलीला जागा आहे का?

चांगली आहे. मला सर्वांत आवडतो तो सिल्हूट प्रकार. मूळ मेक्सिकोचा हा खेळ: कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा यांच्या पोलादी आकृत्या वाढत्या अंतरावर उभ्या करतात आणि गोळी लागून आकृती पडली तरच गुण. लिव्हर रायफलीच्या प्रकारात मेंढे २०० मीटरवर असतात आणि नेम उभ्याने, आधाराशिवाय, लोखंडी साइटवर धरायचा असतो. गोळीचा उतार, वारा, स्वतःचा श्वास, सगळे तिथे कळते. शिकाऱ्याने एक हंगाम सिल्हूट खेळावे, त्याचा हात बदलतो.

काउबॉय प्रकारात वेग मोजतात. तिथे पिस्तुलाच्या काडतुसाच्या रायफली आणि शिशाच्या हळू गोळ्या लागतात, कारण पोलादी पाट्या जवळ असतात. तांब्याच्या वेष्टणाची वेगवान गोळी अशा अंतरावर उसळून परत येते. पोलादावर बार काढताना खेळाडूंनी आणि पाहणाऱ्यांनीही डोळ्यांवर चष्मा लावलाच पाहिजे.

डावखुऱ्याला चालते का?

छान चालते. लिव्हर मध्यभागी आहे. विंचेस्टरची पुंगळी वर जाते, मार्लिनची उजवीकडे, चेहऱ्यासमोरून. चष्मा घातला की त्रास नाही. भरण्याची झडप मात्र उजव्या बाजूला असते, एवढीच सवय करावी लागते.

.४५-७० घ्यावी का?

अस्वल, मूस किंवा मोठ्या रानडुकरासाठी जवळच्या अंतरात ती उत्तम आहे. हरणासाठी गरज नाही आणि हलक्या रायफलीतून तिचा धक्का नवशिक्याला डोळे मिटायला शिकवतो.

एक धोका नीट समजून घ्या. हे काडतूस अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये घेतले, तेव्हाच्या ट्रॅपडोअर नावाच्या कमजोर रायफलीसाठी. आजची मार्लिन १८९५ त्याहून बराच जास्त दाब सोसते, म्हणून बाजारात हलकी आणि जोरकस अशी दोन्ही .४५-७० मिळतात. पुंगळी तीच, नाव तेच. जोरकस काडतूस जुन्या ट्रॅपडोअरमध्ये घातले तर रायफल फुटू शकते. असाच सापळा .३८-५५ मध्ये आहे: १९७८ मध्ये आलेले .३७५ विंचेस्टर त्या जुन्या चेंबरमध्ये बसते, पण त्याचा दाब कितीतरी जास्त आहे. बसले म्हणजे चालले असे धरू नये.

हरणासाठी सरळ पुंगळीच का मागतात?

अमेरिकेच्या ओहायो, इंडियाना, आयोवासारख्या सपाट, वस्तीच्या राज्यांत हरणाच्या शिकारीला पूर्वी मुख्यतः शॉटगन चाले. नंतर सरळ भिंतीच्या पुंगळीची रायफल काडतुसे मान्य झाली, कारण त्यांचा पल्ला मर्यादित असतो. .३०-३० ची पुंगळी मानेपाशी निमुळती असल्याने जिथे फक्त सरळ पुंगळी मान्य आहे तिथे ती बाहेर राहते. २०२३ मध्ये रेमिंग्टनने .३०-३० च्याच पुंगळीवरून .३६० बकहॅमर काढले ते या शिकाऱ्यांसाठी. पुंगळीच्या लांबीचे आणि कॅलिबरचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत.

वापरलेली रायफल घेताना काय पाहावे?

नळीवरचे कॅलिबर स्वतः वाचा. जुन्या विंचेस्टरवर '.३० डब्ल्यूसीएफ' लिहिले असेल तर ती .३०-३० च. नळीचे तोंड बघा: अनेकांनी तिकडून गज घालून साफसफाई केलेली असते आणि कड झिजलेली असते. रिकाम्या रायफलीचा घोडा अर्ध्या खाचेत ठेवून चाप जोराने दाबा. घोडा सुटला तर ती रायफल घेऊ नका. लिव्हर बंद असताना खाली लोंबते का, बोल्ट पूर्ण बसतो का ते तपासा. मग नकली काडतुसे भरून सगळी चालवून बघा. चेंबरची मोजणी कारागिराकडून करून घ्या. विंचेस्टर ९४ चे स्क्रू चुकीच्या पेचकसाने फाटलेले दिसले तर आत कोणीतरी हात घातलेला आहे, आणि तिची आतली जुळणी अवघड असते.

साफसफाई कशी करावी?

मार्लिनमध्ये लिव्हरचा स्क्रू काढा, लिव्हर व बोल्ट बाहेर घ्या, पुंगळी फेकणारी छोटी पट्टी सांभाळा आणि मागून गज घाला. विंचेस्टरमध्ये तोंडाकडून घालावे लागते, म्हणून गजाला मार्गदर्शक टोपी लावा किंवा चेंबरमधून ओढायची दोरी वापरा. घाण ॲक्शनमध्ये पडू नये म्हणून लिव्हर उघडून आत फडके ठेवा. तेल थोडे. जास्त तेल थंडीत घट्ट होते, धूळ धरते आणि मॅगझिनमध्ये गेले तर प्रायमरपर्यंत पोहोचते. मॅगझिनची आतली बाजू वर्षातून एकदा कोरडी पुसा.

शिशाच्या गोळीबद्दल इतके बोलतात, ते बरोबर आहे का?

बरोबर आहे. मऊ शिशाची गोळी जनावरात फुटते आणि बारीक कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत मांसात जातात. रानात टाकलेली आतडी गिधाडे आणि गरुड खातात. कॅलिफोर्नियातल्या कॉन्डोर गिधाडांच्या मृत्यूंमागे शिशाची विषबाधा हे मोठे कारण ठरले आणि तिथे १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीला शिसेविरहित गोळ्या सक्तीच्या झाल्या. .३०-३० आणि .४५-७० साठी तांब्याच्या गोळ्या मिळतात. त्या हलक्या असतात, नेम नव्याने बसवावा लागतो. मांस घरात लहान मुले खाणार असतील तर मी दुसरा विचार करणार नाही.

परवाना आणि साठवण?

रायफल, काडतूस, शिकार आणि वाहतूक यांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. जिथे शिकारीला बंदी आहे तिथे ही रायफल फक्त परवानाधारक रेंजवर. विकत घेण्याआधी परवाना, त्यानंतर पैसे. घरी रायफल रिकामी, कुलुपात. काडतुसे वेगळ्या कुलुपात. नळीचे मॅगझिन भरून ठेवण्याचा मोह इथे विशेष असतो, कारण बाहेरून ते भरलेले आहे की नाही दिसत नाही.

रेंजवर न जाता सराव करता येतो का?

येतो. सेंटरफायरमध्ये नकली काडतुसे भरा, जवळपास खरे काडतूस एकही नाही हे पाहा आणि भरीव भिंतीकडे नळी ठेवा. रायफल खांद्याला, माशी एका बिंदूवर, चाप, मग गाल न उचलता लिव्हर पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे, पुन्हा माशी त्याच बिंदूवर. माशी किती लांब भरकटते ते बघा. .२२ मध्ये रिकामा बार काढण्याआधी कारखान्याचे पुस्तक पाहा. बऱ्याच रिमफायर रायफलींत पिन चेंबरच्या कडेवर आपटून कड खराब होते. उभ्याने रोज दहा मिनिटे पुरतात, त्यापुढे हात थकून चुकीची सवय लागते.